पॅरिस वजा केल्यावर

लग्नानंतरची पहिली मोठी सुट्टी २०२४च्या नाताळात घ्यायची, हे आम्ही मे महिन्यातच ठरवलं होतं. दोघांची शिल्लक रजा मोजली, त्यात ऑफिसच्या नाताळच्या सुट्ट्या मिळवल्या आणि हातात अकरा दिवस आले. मग एका रविवारी नवऱ्याने लॅपटॉपवर यादी करायला घेतली. पॅरिस, ल्यूसर्न, व्हेनिस, म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट. अकरा दिवसांत आठ शहरं. माझ्या मावशीने यादी ऐकली आणि त्यात रोमची भर घातली.

ती यादी आम्ही खरंच वेळापत्रकात बसवून पाहिली, आणि ते बरं झालं. प्रत्येक शहर बदलायला अर्धा दिवस जातो. बॅग भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडी, पुन्हा खोली शोधा. शिवाय डिसेंबरच्या शेवटी तिकडे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे उजेडाचे तास आठ-साडेआठ, आणि त्यातले निम्मे प्रवासात. कागदावर हे दिसल्यावर आम्ही एकेक शहर खोडायला लागलो. व्हेनिस लगेच गेलं, प्राग जाताना मला वाईट वाटलं. पॅरिस खोडायला मात्र दोन दिवस लागले, कारण पॅरिसला न जाता युरोप केला म्हणजे काय केलं, असं घरात प्रत्येकाचं म्हणणं होतं. शेवटी तीन शहरं उरली: व्हिएन्ना, साल्झबर्ग, बुडापेस्ट, आणि शेवटच्या दोन रात्री परत व्हिएन्ना. तिन्ही एकाच रेल्वेमार्गाच्या आसपास. दहा रात्रींपैकी सात ऑस्ट्रियात, तीन हंगेरीत.

हे दिवस मोजणं व्हिसासाठीही लागतं. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा व्हिसा, एकच असला तरी अर्ज कुठल्या देशाकडे करायचा याचा नियम आहे: जिथे सर्वात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, आणि दिवस समसमान असतील तर जिथे आधी प्रवेश करणार तिकडे. आमचा अर्ज त्यामुळे ऑस्ट्रियाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. आम्ही सप्टेंबरमध्ये अर्ज द्यायची तारीख शोधायला बसलो तर सोयीची एकही मिळेना. रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना पाहायचं, असा आठवडा गेल्यावर दसऱ्याच्या दोन दिवस आधीची तारीख मुंबईला मिळाली.

फाइल करायचं काम आम्ही वाटून घेतलं. बँकेचे व्यवहार, आयकराची विवरणपत्रं, पगाराच्या पावत्या, ऑफिसचं रजा मंजूर असल्याचं पत्र हे ज्याने त्याने आपापलं. विमान, राहण्याची जागा आणि रेल्वे माझ्याकडे. प्रवास विमा आणि फोटो नवऱ्याकडे. विमा किमान ३०,००० युरोचा हवा आणि तो शेंगेन देशांत चालणारा हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, आणि कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला तो माप लिहूनच द्यावा लागला, कारण त्याने सवयीने आपला नेहमीचा पासपोर्ट फोटो काढून ठेवला होता. लग्नानंतर मी नाव बदललेलं नाही. पासपोर्टवर माहेरचंच नाव, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जोडला. तो नसता तर एकत्र प्रवास, एकत्र खर्च आणि एकच खोली हे सगळं पत्रात समजावत बसावं लागलं असतं.

एक चूक आमच्याकडून झाली. खात्यात पैसे भरपूर दिसले पाहिजेत असं कुणीतरी सांगितलं आणि बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काळजीपोटी सप्टेंबरमध्ये नवऱ्याच्या खात्यात दोन लाख रुपये टाकले. पुढे कळलं की अशी अचानक आलेली रक्कमच जास्त खटकते. पगार नियमित येतो, खर्च होतो, थोडे मागे राहतात, हे सहा महिन्यांचं सरळ चित्र अधिक उपयोगाचं. व्हिसा अर्ज केंद्रातल्या काउंटरवरच्या मुलीने तो आकडा पेनाने दाखवला आणि विचारलं, "हे काय आहे?" आम्ही तिथेच कोरा कागद घेऊन खरं ते लिहिलं: वडिलांनी मुलाला दिलेले पैसे, प्रवासाचा खर्च आमच्या बचतीतून आहे, बचतीचे आकडे सोबत. बाबांचं नाव, नातं, सह्या. मग बोटांचे ठसे, फोटो, माणशी ९० युरो शुल्क (रुपयांत आठ हजारांच्या वर) आणि केंद्राचे वेगळे पैसे.

परतीच्या शिवनेरीत आम्ही दोघं फारसं बोललो नाही. खोपोलीच्या पुढे घाट लागला तेव्हा नवरा म्हणाला, "नाही मिळाला तर बाबांना काही बोलायचं नाही." तोपर्यंत मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडून बसले होते. त्या एका वाक्याने माझा राग उतरला.

पासपोर्ट दिवाळीच्या आठवडाभर आधी आले, आत व्हिसा. व्हिसाच्या चिकटपट्टीवर दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या असतात. एक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत तो वैध आहे. दुसरी, त्या काळात किती दिवस राहता येईल. तारखांची मुदत मोठी दिसली म्हणून तेवढे दिवस राहता येतं असं नाही. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. मी ते कॅलेंडरवर बोट ठेवून तीनदा मोजले.

खाण्याचं सामान भरताना पुन्हा नियम पाहिले. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. आईने आणलेले पेढे त्यामुळे घरीच राहिले, आणि तुपातले लाडू नकोच असं मी ठरवलं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि लोणावळ्याची गुळाची चिक्की एवढं घेतलं. नवरा शाकाहारी, म्हणून स्वयंपाकघर असलेल्या जागा घेतल्या होत्या. गरम भात आणि मेतकूट असलं की थंडीचं निम्मं भय जातं.

२२ डिसेंबरला व्हिएन्नात उतरलो. प्रवेशाच्या खिडकीत परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारला. दोन्हीचे छापील कागद हातात होते, दोन मिनिटांत शिक्का बसला. पहिली शिकवण मिळाली ती मेट्रोत. तिथे फाटकं नाहीत, कुणीही सरळ आत जातं. आम्ही तिकीट काढलं आणि खिशात ठेवलं. मागून येणाऱ्या एका बाईंनी थांबवून निळ्या यंत्राकडे बोट दाखवलं. तिकिटावर तिथे वेळेचा ठसा मारायचा असतो, तो नसेल तर ते तिकीट वैध धरत नाहीत. दुसरी गोष्ट कार्डाची. यंत्र विचारतं, युरोत पैसे कापू की रुपयांत? रुपये ओळखीचे वाटतात, पण त्यात दर महाग पडतो. नेहमी तिथलंच चलन निवडायचं.

राटहाउसच्या, म्हणजे महापालिकेच्या इमारतीसमोरचा नाताळ बाजार संध्याकाळी पाहिला. गरम मसालेदार वाइन किंवा पुन्श चिनी मातीच्या कपात देतात आणि कपाची अनामत वेगळी घेतात. कप परत केला की पैसे परत. लहान मुलांसाठीचा बिनदारूचा पुन्श असतो, नवऱ्याने तोच घेतला: फळांचा रस, दालचिनी, लवंग. भाजलेले चेस्टनट कागदी पुडीत मिळतात, चव रताळ्याच्या जवळची. बाजार सुंदर आहे. पण त्याच्याबद्दल सगळ्यांनी लिहिलेलं असतं, आणि मला लिहायचं आहे ते बाजार बंद झाल्यानंतरचं.

२४ तारखेला सकाळी साल्झबर्गला निघालो. व्हिएन्नाहून अडीच तास. गाडीचं तिकीट मी दोन महिने आधी स्वस्तात काढलं होतं, पण बसायची जागा त्यात येत नाही हे लक्षात घेतलं नव्हतं. तीन-चार युरो वाचवायला आरक्षण केलं नाही, आणि ती नाताळच्या आदल्या दिवशीची सकाळ. गावी निघालेलं सगळं शहर त्या गाडीत होतं. मांडीवर भेटवस्तूंच्या पिशव्या, एका आजोबांच्या हातात कापडात बांधलेला मोठा टोप. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीत जसं असतं तसंच, फक्त आवाज कमी. आम्ही पहिला तास दाराजवळ उभे होतो.

ऑस्ट्रियात २४ला दुपारी दोन वाजता दुकानं बंद होतात. २५ आणि २६ या दोन्ही सुट्ट्या. हे वाचून गेलो होतो, पण वाचणं वेगळं आणि बंद काचेसमोर उभं राहणं वेगळं. आम्ही पावणेदोनला सुपरमार्केटमध्ये धावत शिरलो: तांदूळ, बटाटे, दूध, ब्रेड, सफरचंदं. बाहेर आलो आणि मागे शटर. मोठ्या स्टेशनांवरची काही दुकानं सुट्टीतही उघडी असतात हे नंतर कळलं, तेही सांगून ठेवते.

घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या. खालच्या मजल्यावर त्या आणि त्यांचे यजमान, वर आमच्या दोन खोल्या. किल्ली देताना त्यांनी पत्र्याचा एक डबा हातात दिला. आत चंद्रकोरीच्या आकाराची, पिठीसाखरेत घोळलेली बिस्किटं. व्हॅनिलेकिप्फर्ल म्हणतात. बदाम किंवा अक्रोडाची पूड, लोणी, मैदा. तोंडात नानकटाईसारखी विरघळतात. डिसेंबरभर घरोघरी अशी पाच-सहा प्रकारची बिस्किटं करतात आणि डबे शेजारीपाजारी फिरतात, असं त्यांनी तोडक्या इंग्रजीत सांगितलं. मी लगेच चिक्कीचं पाकीट आणून दिलं. त्यांनी तिथेच एक तुकडा तोडून खाल्ला. फराळाचं ताट रिकामं परत करायचं नसतं, हे दोन्ही घरांना माहीत होतं.

मग त्यांनी विचारलं, आज संध्याकाळी काय करणार? मी म्हटलं, ओबर्नडॉर्फ. त्यांनी सणाच्या दिवसाचं गाड्यांचं वेळापत्रक काढून परतीच्या दोन गाड्यांवर पेनाने खूण केली, कारण त्या संध्याकाळी गाड्या कमी असतात.

ओबर्नडॉर्फसाठीच मी साल्झबर्ग यादीत ठेवलं होतं. साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनाखाली लोकलचा फलाट आहे, तिथून अर्ध्या तासाच्या आत हे छोटं गाव येतं. साल्झाख नदीच्या काठावरचं, नदीतून मीठ वाहून नेणाऱ्या नावाड्यांचं गाव. पुलापलीकडे जर्मनी. पूर्वी दोन्ही काठ मिळून एकच गाव होतं. नेपोलियनच्या युद्धांनंतर १८१६ साली सीमा नदीवरून गेली आणि गाव दोन देशांत तुटलं. तेच वर्ष युरोपात उन्हाळा न आलेलं वर्ष म्हणून ओळखलं जातं. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या राखेने आकाश झाकोळलं, पिकं गेली, उपासमार झाली. त्या वर्षी योसेफ मोर नावाच्या तरुण धर्मगुरूने सहा कडव्यांची एक कविता लिहिली. दोन वर्षांनी तो ओबर्नडॉर्फमध्ये नेमणुकीवर होता. शेजारच्या आर्न्सडॉर्फचे शिक्षक आणि इथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे फ्रान्झ क्साव्हर ग्रूबर यांना त्याने चाल लावायला सांगितलं, आणि २४ डिसेंबर १८१८ला सेंट निकोलसच्या चर्चमध्ये दोघांनी ते गाणं गिटारवर म्हटलं. 'श्टिले नाख्ट', शांत रात्र, म्हणजेच इंग्रजीतलं 'सायलेंट नाइट'. पुराने खिळखिळं झालेलं ते चर्च पुढे पाडलं. त्या जागी आता एक अष्टकोनी देऊळवजा छोटी इमारत आहे. १९३७ साली ती पूजेसाठी खुली झाली. रंगीत काचेच्या दोन खिडक्यांत एकीकडे योसेफ मोर, दुसरीकडे ग्रूबर.

दरवर्षी २४ला संध्याकाळी पाच वाजता तिथे लोक जमतात. आत मोजकीच माणसं मावतात, म्हणून सगळे बाहेर उघड्यावर उभे. पूर्ण अंधार, हवा शून्याच्या आसपास. बुटांतून गारठा वर चढत होता. आमच्या एका बाजूला लहान मुलीला खांद्यावर घेतलेला बाप, दुसऱ्या बाजूला हात धरून उभी असलेली दोन म्हातारी माणसं. शेवटी गिटारचे सूर आले आणि ते गाणं सुरू झालं. कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. जर्मन शब्दांच्या मध्ये इंग्रजी, इटालियन, आणखी कुठल्या भाषा, ज्याला जे येतं ते. मला शब्द येत नव्हते, मी नुसती चाल गुणगुणले. उपासमारीच्या आणि फाळणीच्या वर्षात शांततेबद्दल लिहावंसं वाटलेला तो पंचविशीच्या आतला मुलगा माझ्या मनातून जाईना. नवऱ्याने माझा हात स्वतःच्या कोटाच्या खिशात घेतला. आम्ही पॅरिसमध्ये असतो तर या वेळी कुठल्या तरी रांगेत असतो, एवढंच मला त्या क्षणी सुचलं.

परत आलो तेव्हा साल्झबर्गचे रस्ते रिकामे होते. कुठेच कुणी नाही. खिडक्यांतून मात्र मेणबत्त्या आणि झाडांवरचे दिवे दिसत होते. ऑस्ट्रियात भेटवस्तू सांताक्लॉज आणत नाही, क्रिस्टकिंड म्हणजे बाळ येशू आणतो, आणि तोही २४च्या संध्याकाळी. बंद दारामागे झाड सजवतात, छोटी घंटा वाजते आणि मगच मुलांना आत सोडतात. आमच्या खालच्या मजल्यावर ती घंटा वाजलेली आम्हाला वर ऐकू आली. नातवंडांच्या पावलांचा एकदम आवाज. लक्ष्मीपूजनाच्या वेळी परक्या गावात असलेल्या माणसाला जसं वाटेल तसं आम्हाला वाटलं. नवऱ्याने भात टाकला, मी मेतकूट काढलं, आणि व्हिडिओवर दोन्ही घरच्या आयांशी बोललो. तिकडे मध्यरात्र झाली होती, तरी दोघी जाग्या होत्या.

२५ला काहीही उघडं नव्हतं आणि काहीही पाहायचं नव्हतं. नदीकाठी चाललो. गेट्राइडगासेच्या ९ क्रमांकाच्या घरात १७५६ साली मोझार्टचा जन्म झाला, त्या पिवळ्या भिंतीसमोर एरवी गर्दी असते म्हणे. तेव्हा आम्ही दोघंच होतो. वर डोंगरावर १०७७ साली बांधायला घेतलेला होहेनसाल्झबर्ग किल्ला, आणि दर काही वेळाने चर्चच्या घंटा, एक थांबली की दुसरी. लग्नानंतर दहा महिन्यांत आम्ही इतका वेळ काही न करता एकत्र चाललो नव्हतो.

बुडापेस्टबद्दल थोडक्यात. पाच-साडेपाच तासांचा रेल्वेप्रवास, या वेळी आरक्षण करून. चलन फोरिंट, तेव्हा एका युरोला चारशेच्या वर. युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे १८९६ची, पिवळ्या छोट्या डब्यांची. तीच थेट सेचेन्यी स्नानगृहापाशी नेते. १९१३चं हे स्नानगृह, जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचं. बाहेर कडाक्याची थंडी, पाण्यातून वाफा, आणि मानेपर्यंत पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे आजोबा. वज्रेश्वरीची कुंडं पाहिलेल्यांना पाण्याचं नवल वाटणार नाही, पण थंडीमुळे सुख दुप्पट होतं. लांगोश खा. तळलेली मोठी भटुऱ्यासारखी पोळी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. नवऱ्याने तीन दिवसांत चार खाल्ल्या.

३० तारखेला परत व्हिएन्नाला. ३१ला दुपारपासून शहराच्या मध्यभागी नाच-गाणं चालतं आणि ग्राबेन नावाच्या रस्त्यावर नृत्यशाळांचे शिक्षक येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट वॉल्ट्झ शिकवतात. आम्ही दुपारीच जाऊन उभे राहिलो. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. माझा पाय दर वेळी दोनवर अडायचा. नवरा शाळेत असताना तबला शिकलेला. तो माझ्या कानात म्हणायला लागला, "धा धी ना, धा ती ना." दादरा! तीन-तीनच्या दोन चाली, एक फेरी पुढच्या पायाने, एक मागच्या. त्यानंतर पाय चुकला नाही.

मध्यरात्री सेंट स्टीफन चर्चची पुमेरिन वाजते. वीस टनांहून जड घंटा, मोजक्याच प्रसंगी वाजणारी. मूळची १७११ सालची, तुर्कांकडून जिंकून घेतलेल्या तोफा वितळवून ओतलेली. १९४५च्या आगीत ती कोसळून फुटली, तिच्याच धातूतून १९५१ साली ही नवी ओतली. तिचा आवाज कानाआधी छातीत येतो. ठोके संपले की योहान श्ट्राउसचा 'निळी डॅन्यूब' हा वॉल्ट्झ लागतो, आणि भर रस्त्यात जाड कोट घातलेली हजारो माणसं जोडीने फिरू लागतात. आम्हीही फिरलो, धा धी ना म्हणत.

१ जानेवारीला रात्रीचं विमान. सकाळी सव्वाअकराला व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची नववर्षाची मैफल राटहाउसपुढच्या मोठ्या पडद्यावर पाहिली. सभागृहाची तिकिटं सोडतीने निघतात आणि ती आपल्याला लागणं अवघड, पण उघड्यावर उभं राहायला तिकीट नाही. श्ट्राउसच्या जन्माला २०२५मध्ये दोनशे वर्षं होणार होती, रिकार्डो मुती संचालन करत होते, आणि त्या मैफलीत प्रथमच एका स्त्री संगीतकाराची, कॉन्स्टान्झे गायगरची रचना वाजली. शेवटच्या मार्चला पडद्यावरच्या श्रोत्यांबरोबर चौकातले लोकही ठेक्यात टाळ्या वाजवत होते.

सगळा मिळून दोघांचा खर्च तीन लाख साठ हजारांच्या आसपास आला, त्यात सर्वात मोठा वाटा सुट्टीच्या दिवसांतल्या विमानाचा. बाबांचे दोन लाख व्हिसा आल्यावरच परत केले होते. त्यांना पत्र्याच्या डब्यातली उरलेली सहा किप्फर्ल दिली.

आठवड्याभराने घरमालकीणबाईंचा फोटो आला. ६ जानेवारीला तिथे तीन राजांचा सण असतो. मुलं राजांचे वेश करून घरोघरी गातात आणि दाराच्या चौकटीवर खडूने नव्या वर्षाचे आकडे आणि सी, एम, बी ही तीन अक्षरं लिहून जातात. आम्ही ज्या दारातून आत गेलो होतो त्याच दाराची चौकट होती, वर पांढऱ्या खडूची ताजी ओळ. फोटोखाली एवढंच लिहिलं होतं: चिक्की संपली.